रत्नागिरीला वेळेत

"मारा सेल्फ," मी बॉनेटखालून म्हणालो.

आत बसलेल्या भोकरे बाईंनी चावी फिरवली. इंजिन कण्हलं, दोन आचके दिले आणि गप्प झालं.

"पेट्रोल जास्त होतंय. रेसवरनं पाय काढा."

"काढलेलाच आहे, सर. गाडी तुमची आणि दोष मला का?"

त्र्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. सांगलीतलं रेल्वे फाटक पडलेलं, पुढे-मागे ट्रक आणि उसाच्या बैलगाड्या, आणि मधोमध माझी एकवीस वर्षांची जुनी फियाट तोंड उघडून उभी. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, तंत्रशाळेत पोरांना फिटरकाम शिकवणारा मगदूम सर. लग्न राहूनच गेलं होतं. आधी बहिणींची उरकली, मग आईचं आजारपण निघालं, आणि आई गेली तोवर माझ्यासाठी स्थळं सुचवणारी माणसंच थकून गेली.

भोकरे बाई म्हणजे त्रिशला भोकरे. दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या. आमच्याच कॉलनीत दोन घरं सोडून राहायच्या. नवरा काविळीनं गेला त्याला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एकदा त्यांची बस चुकली म्हणून मी गाडीत घेतलं, ते पुढे दोन वर्षं रोज घेतच राहिलो. कॉलनीत सुरुवातीला कुजबुज झाली. पण सकाळी गाडी ढकलायला मी त्याच लोकांना हाका मारायचो, त्यामुळे कुजबुजीत काही दम राहिला नाही.

गाडीचं दुखणं एकच होतं, कार्बोरेटर. त्याच्या आतला दांडा झिजून ढिला झालेला, नको तिथून हवा ओढायचा. सकाळी थंड असला की सुरू व्हायला रडायचा आणि तापला की त्यातलं पेट्रोल उकळून बंद पडायचा. मग मी उतरायचो, बॉनेट उघडायचो, इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं टाकायचो आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरून म्हणायचो, मारा सेल्फ. बाई तोवर सरकून स्टिअरिंगपुढे बसलेल्या असायच्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण ही गाडी सुरू करण्यात माझ्यानंतर त्यांचाच नंबर.

आता माझंही दुखणं सांगतो. बाईमाणूस समोर असलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. स्टिअरिंगवर हात असताना तर विचारूच नका, 'आज ऊन आहे' एवढं म्हणायला मला दोन चौक लागायचे. पण बॉनेटखाली डोकं घातलं आणि हातात पाना आला की मी दुसराच माणूस. आईच्या शेवटच्या दिवसांचं मी त्यांना सांगितलं ते बॉनेटखालून. नवऱ्याचं रक्त आपणच तपासलं होतं आणि तो जगणार नाही हे घरात सगळ्यांच्या आधी आपल्यालाच कळलं होतं, हे त्यांनी मला सांगितलं तेही माझं डोकं खाली असताना. त्या दोन वर्षांतलं आमचं सगळं बोलणं त्या उघड्या बॉनेटच्या फटीतनं झालंय.

"सुकुमारचं पत्र आलंय," त्या दिवशी त्या आतून म्हणाल्या. सुकुमार त्यांचा भाऊ, रत्नागिरीला बँकेत होता.

"काय म्हणतो?"

"स्थळ आणलंय माझ्यासाठी. चौगुले म्हणून आहेत, वजनमाप खात्यात. बायको वारलीय, मुलीचं लग्न होऊन गेलंय. पुढच्या रविवारी ते त्याच्याकडे यायचेत. म्हणतो, तू पण ये आणि हो का नाही ते एकदाचं सांग."

हातातला पाना सुटून खाली पडला. तो गाडीखाली वाकून काढताना मी जरा जास्तच वेळ घेतला.

"मग?"

"मग काय. सदतिसाव्या वर्षी स्थळ येतंय, लोक म्हणतील नशीब काढलं." त्यांनी चावी काढून परत घातली. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, सर?"

मला काय वाटतं ते मला दोन वर्षं पाठ होतं. सकाळी साडेसातला दाढी करताना मी ते आरशाला सांगायचो. नको जाऊ, एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात फाटक वर गेलं. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. बाईंनी घाबरून सेल्फ मारला आणि एरवी दहा वेळा विनवण्या करून घेणारी ती गाडी त्या एका दिवशी पहिल्या फटक्यात सुरू झाली. बॉनेट लावावं लागलं.

दवाखान्याच्या दारात उतरल्यावर त्या खिडकीशी वाकल्या. "सर, त्या रविवारी मला रत्नागिरीला सोडाल? तुमच्या गाडीनं जाऊ."

"हिच्यानं? मध्ये आंबा घाट आहे, बाई. बस आहे की सकाळची."

"बसनं नको. हिच्यानंच जाऊ."

दिवसभर मी शाळेत पोरांवर विनाकारण ओरडत होतो. मनात एकच चाललं होतं. एवढा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता आहे, आपण दोघंच आहोत, रत्नागिरी यायच्या आत विचारायचं. पण विचारणार कोण? ज्याची गाडी रेल्वे फाटक धड ओलांडत नाही तो. चौगुले सरकारी अधिकारी, आणि मी घाटात ओलं फडकं घेऊन उभा. अशा माणसानं कुठल्या तोंडानं म्हणायचं की माझ्याबरोबर संसार करा? आधी गाडी माणसात आणायची, मग विचारायचं, असं मी ठरवलं. इतकं शहाणपण मला आयुष्यात परत कधी सुचलं नाही, हे बरंच झालं.

संध्याकाळी इलाही मिस्त्रींकडे गेलो. गाडी त्यांच्याच हाताखालची. मी म्हटलं, "मिस्त्री, हा कार्बोरेटर काढायचा. दुसऱ्या कंपनीचा दोन घशांचा मिळतो, मोठा, तो बसवायचा."

"कशाला उगं? जुनाच धुऊन देतो. दोन वर्सं चाललाय की."

"रविवारी रत्नागिरीला जायचंय."

"कोण कोण?"

"मी आणि भोकरे बाई."

मिस्त्रींनी बिडी विझवली. "मग तर राहूच दे सर. घाटात चार ठिकाणी थांबंल. थांबू दे. हवा चांगली असती तिथं."

"चेष्टा नको, मिस्त्री."

"चेष्टा कुठं करतोय," मिस्त्री म्हणाले. पण मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी कोल्हापूरहून माल मागवून दिला.

नवा कार्बोरेटर या इंजिनासाठी केलेला नव्हता, त्याची भोकं जुन्या बोल्टांवर येईनात. मध्ये बसवायची पट्टी मी स्वतः केली. शाळेच्या वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमचा जाड तुकडा घेतला, आखला, भोकं पाडली, आतलं तोंड कानशीनं घासून असं गुळगुळीत केलं की बोट फिरवलं तर शिवण लागू नये. रेसचा जुना दांडा काढून केबल टाकली. चार दिवस गाडी अंगणात उघडी पडली होती आणि चार दिवस मी बाईंना सांगितलं होतं, बसनं जा. दोन वर्षांत एकत्र न गेलेल्या त्या पहिल्या चार सकाळी, आणि त्या मीच ठरवून घालवल्या.

गुरुवारी संध्याकाळी त्या दवाखान्यातून येताना माझ्या अंगणाच्या फाटकाशी थांबल्या, मग आत आल्या. वर्तमानपत्रावर जुना कार्बोरेटर ठेवलेला होता.

"हा काढलात?"

"काढला. पार झिजला होता."

"म्हणजे आता गाडी बंद पडणार नाही?"

"नावच नको. घाट एका दमात चढेल."

त्या मडगार्डला टेकून उभ्या राहिल्या. "सर, रविवारचं जरा बोलायचं होतं."

माझं डोकं बॉनेटखाली होतं, हातात पाना होता, अंगणात दुसरं कोणी नव्हतं. बोलायला याहून चांगली वेळ मागून मिळाली नसती. मी म्हणालो, "रविवारची काळजीच सोडा, हे बघा इकडे," आणि दोन घशांचा कार्बोरेटर कसा चालतो ते त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. हळू चालताना एकच घसा उघडतो, जोर लागला की दुसरा. त्या सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान केलंत," आणि घरी गेल्या. मी आपला खुशीत शीळ घालत नट आवळत बसलो.

रविवारी सहाला निघालो. त्यांनी मोरपंखी काठाची साडी नेसली होती आणि मांडीवर जेवणाचा मोठा डबा होता, दोन-तीन वेळचं पुरेल एवढा. मी विचारलं, "एवढं कशाला?" तर म्हणाल्या, "वाटेत लागेल." चावी फिरवली आणि इंजिन असं सुरू झालं की मला आधी कळलंच नाही. कोल्हापूर साडेसातच्या आत मागे पडलं. मलकापूरला चहा घ्यायचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "गाडी चाललीय चांगली, कशाला मोडता घालायचा?"

मी बोललोच नाही असं नाही. रस्ता चांगला आहे म्हणालो. ऊस यंदा बरा दिसतो म्हणालो. खरं वाक्य प्रत्येक वळणाआधी घशाशी यायचं आणि वळणावर गिअर बदलताना परत पोटात जायचं. घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हाही ते पोटातच होतं. जुना कार्बोरेटर असता तर इथवर गाडी दोनदा तरी बसली असती.

"ही आता थांबतच नाही," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, कौतुक करताहेत. "सांगितलं नव्हतं?" मी म्हणालो.

घाट उतरायला लागलो तसा मी घाबरलो. खाली साखरपा, मग रत्नागिरी किती राहिली? एका वळणावर जागा दिसली तिथं मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी नव्हती. उलट त्यांचा चेहरा दोन वर्षांत पाहिला नव्हता इतका उजळला.

"बघतो जरा," म्हणालो आणि उतरून बॉनेट उघडलं.

आत सगळं लख्ख होतं. ना पेट्रोलचा ओघळ, ना वाफ. माझ्या पट्टीची कड उन्हात चमकत होती. फडकं टाकायला काही तापलेलं नव्हतं, तळहात धरायला काही अडलेलं नव्हतं. पाना हातात घेतला, पण लावायचा कुठे? एक नट चाचपला, तो घट्ट. दुसरा चाचपला, तोही घट्ट. खाली दरीत कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता. फटीतनं मला त्या दिसत होत्या. सवयीनं सरकून त्या स्टिअरिंगपुढे बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. हात रिकामे राहिले आणि माझी वाचा जी बसली ती बसलीच.

शेवटी त्या म्हणाल्या, "मारू का सेल्फ?"

"मारा."

चावी फिरते न फिरते तोच इंजिन सुरू झालं.

"झालं?" त्यांनी आतून विचारलं.

"झालं," मी म्हणालो आणि बॉनेट लावलं.

साखरप्यालाही मी गाडी थांबवली नाही. अकरा वाजायला दहा मिनिटं असताना सुकुमारच्या दारात पोहोचलो. तो बनियनवरच धावत बाहेर आला.

"अरे, इतक्यात? ताई, तू तर लिहिलं होतंस की सरांची गाडी वाटेत बसत बसत येते, तीनच्या आत धरू नकोस. मी चौगुल्यांना सांगूनसुद्धा टाकलं, आज काही भेट होत नाही. त्यांची साडेअकराची एसटी आहे, ते आत बॅग भरतायत. सर, तुमच्या गाडीनं वेळ सांभाळली हो."

मी बाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून चपला काढत होत्या. एवढा वेळ चपला काढायला कुणाला लागत नाही. मांडीवरचा तो मोठा डबा, बसनं नको म्हणणं, गुरुवारचं राहिलेलं बोलणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. त्या बाईनं आपल्या परीनं सगळी व्यवस्था केली होती. अख्खा दिवस माझ्या पदरात टाकला होता. मी तो कानशीनं घासून, बोल्ट आवळून संपवला होता.

चौगुले माणूस चांगला निघाला, हे आणखी वाईट. शांत, पन्नाशीला टेकलेला, पांढरा शर्ट. त्यांनी साडेअकराची एसटी सोडली. पोहे झाले, चहा झाला. समोर बाई मान खाली घालून बसलेल्या, मला ते बघवेना. "नवीन काम आहे, पहिल्या तापणीनंतर नट परत आवळावे लागतात," असं सांगून मी बाहेर सटकलो. ते खरंही होतं. यावेळी दोन नट खरोखर सैल झाले होते, आणि हाताला काम मिळालं.

पाठोपाठ चौगुले आले. थोडा वेळ बघत उभे राहिले. "ही पट्टी तुम्ही केलीत? माप छान बसलंय."

"हो."

"सर, एक विचारू का? दहा मिनिटं पोहे खाऊन मला काय माणूस कळणार? तुम्ही दोन वर्षं रोज बघताय. बाई कशा आहेत?"

माझं डोकं बॉनेटखाली होतं आणि पाना नटावर होता. मी बोलायला लागलो आणि थांबेचना. सांगितलं, की रिपोर्ट वाईट असला तर त्या कागद पाठवत नाहीत, स्वतः वॉर्डात जाऊन शेजारी बसून सांगतात. नवऱ्याचं रक्त स्वतः तपासून घरी येऊन कसा स्वयंपाक केला, ते सांगितलं. दोन वर्षांत माझ्या या डबड्याला त्यांनी एकदाही नावं ठेवली नाहीत, उन्हात वर्तमानपत्रानं वारा घेत बसून राहिल्या. कुणी विनोद केला तर आधी गप्प राहतात आणि सगळ्यांचं हसून झालं की एकट्याच हसतात. दुसऱ्याचं ऐकताना मध्ये बोलत नाहीत. त्या गाडीत नसतील तर सकाळ सकाळ वाटत नाही, हेही मी बोलून गेलो असेन. ज्या बाईला सांगायचं ते सगळं मी त्या परक्या गृहस्थाला सांगितलं, एकही अक्षर न अडखळता.

चौगुल्यांनी पट्टीवरनं एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "सर, स्पष्ट सांगा. त्यांच्या मनात दुसरं कोणी आहे का? असेल तर मी चहाचे आभार मानतो आणि दोनच्या एसटीनं निघतो. मला राग येणार नाही."

नट पुरता बसला होता. तरी मी पाना धरूनच होतो. त्या घटकेला नुसती मान वर करून 'हो' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण जे बाईंना कधी सांगितलं नाही ते आधी दुसऱ्याला कसं सांगू, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. भित्र्या माणसाला नेमक्या वेळी असली सभ्यता सुचते.

"मला तरी तसं कधी बोलल्या नाहीत," मी म्हणालो. शब्दाला शब्द खरं होतं.

आत गेल्यावर चौगुले उभ्या उभ्याच बाईंना म्हणाले, "मी सरांशी बोललो. त्यांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं ते ऐकल्यावर मला आणखी काही विचारायचं नाही. तुमच्या मनात दुसरं काही नाही, असंच त्यांच्या बोलण्यावरून कळलं. तुमची हरकत नसेल तर माझी नाही."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. चौगुल्यांकडे नाही, माझ्याकडे. सांगलीपासून रत्नागिरीपर्यंत, किंबहुना दोन वर्षांत, आमच्यामध्ये बॉनेट नसताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"सर असं म्हणाले?"

मी माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत मान हलवली.

"मग नाही माझी हरकत," त्या म्हणाल्या.

सुकुमारनं पेढे आणायला कुणाला तरी पिटाळलं. मी पेढा खाल्ला. जेवायचा आग्रह झाला, पण उजेड आहे तोवर घाट ओलांडतो म्हणून मी निघालो. बाई गाडीपर्यंत आल्या. त्यांच्या हातात तो डबा होता, तो त्यांनी रिकाम्या सीटवर ठेवला.

"सावकाश जा, सर. घाटात जपून."

आता तरी बोल, असं मन ओरडत होतं. चौगुले आत, सुकुमार आत, दारात आम्ही दोघंच. माझे हात स्टिअरिंगवर होते.

"काळजी नको," मी म्हणालो. "गाडी आता कुठेच थांबत नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "बघितलं मी."